उमाटे सरांचं कार्ड

गुरुवार, १२ मार्च २००९. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातली ई-जर्नल्स बंद पडली. अकराच्या अकरा संगणकांवर एकच पिवळी पट्टी आली. तुमच्या संस्थेचा प्रवेश रोखण्यात आला आहे, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं.

ईद आणि धुळवड अशी लागून दोन दिवस सुट्टी होती. ग्रंथपाल डॉ. हेमराज तेलरांधे यांच्या कानामागचा हिरवा रंग अजून निघालेला नव्हता. नेट गेलं असेल असं समजून त्यांनी प्रफुलला बोलावलं. ग्रंथालयातले संगणक सांभाळणं हे प्रफुलचं काम. त्याने तारा काढून पुन्हा खोचल्या, दोन यंत्रं बंद करून चालू केली, शेवटी ग्रंथालयाची मेल उघडली. मेल वाचून झाल्यावर त्याने खुर्ची मागे सरकवली.

"सर, नेट सुरूच आहे. आपल्यालेच बंद केलं त्यांनी."

तेलरांधे चष्मा चढवून मोठ्याने वाचू लागले. काउंटरवर अनुसयाबाई झाडे परत आलेल्या पुस्तकांवर तारखा मारत होत्या. त्या सहायक ग्रंथपाल. सत्तावीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला चौदा महिने उरलेले.

प्रकाशकाने लिहिलं होतं की २ फेब्रुवारी ते ९ मार्च या काळात एकाच आयडीवरून तीन नियतकालिकांचे दोन हजार एकशे चौसष्ट लेख उतरवून घेतले गेले आहेत, तेही पहिल्या खंडापासून ओळीने. अभ्यासासाठी कोणी असं वाचत नाही, हा कराराचा भंग आहे. हे कोणी केलं त्याचं नाव आणि त्याच्यावर काय कारवाई केली ते सोमवारी, १६ मार्चला, संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं. नाही कळवलं तर वर्षभर सगळ्या विद्यापीठाला प्रवेश बंद. आयडी मृदाशास्त्र विभागाचे डॉ. एन. आर. उमाटे यांचा.

नावापाशी तेलरांध्यांनी चष्मा काढून पुसला. डॉ. नरहर उमाटे मागच्या ऑगस्टच्या नऊ तारखेला वारले होते. शोकसभेत सगळ्यांत लांब भाषण तेलरांध्यांनीच केलं होतं.

"मेलेला माणूस रोज येऊन बसते काय इथं?" ते प्रफुलवर खेकसले.

ग्रंथालयाचा शिपाई तानबा फरशी पुसत होता. तो फडकं हातात घेऊन उभा राहिला. "बसतही असन साहेब. जिते होते तवा बी एकले येत, दोनले जात. सवय लागली का सुटत नाई माणसाची."

"तानबा, तू फरशी पूस."

अनुसयाबाईंच्या हातातला शिक्का एकाच पुस्तकावर दोनदा पडला. त्यांची नजर खिडकीजवळच्या लाकडी कपाटाकडे गेली आणि त्यांनी ती ओढून परत आणली. कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्यांनी उगीच पदर सारखा केला.

ते कपाट कार्डांचं होतं. साठ खणांचं, सागवानी, प्रत्येक खणाला पितळी कडी. ग्रंथालयातलं प्रत्येक पुस्तक एकेकाळी त्या कपाटात एका कार्डावर नोंदलेलं होतं, आणि त्यांतली निम्मी कार्डं अनुसयाबाईंच्या हाताने लिहिलेली होती. अक्षर असं की छापील वाटावं. सगळं संगणकावर गेलं तेव्हा कपाट लिलावात जायचं होतं, पण अनुसयाबाईंनी दर वर्षी काही ना काही कारण काढून ते थांबवलं.

२००६ साली प्रत्येक कायम प्राध्यापकाला ई-जर्नल्ससाठी वेगळा आयडी आणि पासवर्ड मिळाला. पंधरा दिवसांत निम्मे प्राध्यापक पासवर्ड विसरले. प्रफुल बदलून बदलून थकला. तेव्हा अनुसयाबाईंनी त्यांना सुचलेला तोडगा काढला. प्रत्येक साहेबाच्या नावाचं एक कार्ड लिहिलं, वर आडनाव, खाली विभाग, त्याखाली आयडी आणि पासवर्ड. अठ्ठ्याहत्तर कार्डं अकारविल्हे लावून त्यांनी बेचाळीस नंबरच्या रिकाम्या खणात ठेवली आणि कार्डांच्या भोकांतून पितळी सळई घातली. कोणाचा पासवर्ड हरवला की खण उघडायचा. चोवीस वर्षं पुस्तकं सापडावीत म्हणून कार्डं लिहिलेल्या बाईला, काही गोष्टी सापडू नयेत म्हणून असतात, हे त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं, कारण खण सगळ्यांच्याच सोयीचा होता.

किती सोयीचा, ते अनुसयाबाईंइतकं कोणालाच माहीत नव्हतं. जानेवारीत विद्यापीठाने एक प्रश्नावली काढली होती, प्राध्यापक ई-साधने कशी वापरतात याची. फॉर्म वाटणं, गोळा करणं आणि आकडे मांडणं त्यांच्याकडे आलं. अठ्ठ्याहत्तरपैकी एकसष्ट जणांनी 'रोज' या चौकोनात खूण केली. त्यातल्या एकाने खूण करून झाल्यावर त्यांनाच विचारलं, "मॅडम, पण हे उघडते कुठून?" खरी रीत वेगळी होती. साहेब चिठ्ठीवर विषय लिहायचे, चिठ्ठी तानबाच्या हाती यायची. अनुसयाबाई त्या साहेबाचं कार्ड पाहून त्याच्या नावाने आत शिरायच्या, लेख छापायच्या, पाकिटात घालायच्या, आणि पाकीट पुन्हा तानबाच्या हाती. तानबा त्याला साहेबाचा डबा म्हणायचा.

एकटे उमाटे सर स्वतः येऊन बसत. खांबाआडच्या सात नंबरच्या संगणकावर, दुपारी एक ते दोन. त्यांना कार्डाची गरज नव्हती. नियम म्हणून त्यांचंही लिहिलं होतं, इतकंच.

साडेअकराला तेलरांधे आणि प्रफुल कुलसचिवांकडे गेले. वाचनकक्षात चार-पाच विद्यार्थी होते. अनुसयाबाई कपाटाजवळ गेल्या, काही शोधत असल्यासारखं त्यांनी आधी चाळीस नंबरचा खण उघडला, मग बेचाळीसचा. बोटं आपोआप 'उमाटे'वर थांबली.

कार्ड जागेवर होतं. मात्र त्याच्या भोकाभोवती पांढऱ्या कागदाची गोल चकती चिकटवलेली होती. अनुसयाबाई त्या चकतीकडे पाहत राहिल्या.

चकती त्यांनीच चिकटवली होती.

सप्टेंबरात त्या दर वर्षी खण तपासत. फाटकी कार्डं दुरुस्त करायची, निवृत्त झालेल्यांची काढायची. पुस्तक हरवलं की त्याचं कार्ड काढतात, तसंच. उमाटे सरांचं कार्ड त्यांनी काढायला हातात घेतलं होतं. भोक फाटलेलं होतं. सळई फिरवून न काढता कोणीतरी कार्ड तसंच ओढलं होतं आणि पुन्हा खोचून ठेवलं होतं. सर जाऊन महिना झाला होता. अनुसयाबाईंना ते कार्ड रद्दीच्या डब्यात टाकवलं नाही. त्यांनी चकती कापली, डिंक लावला, वाळू दिली आणि कार्ड सळईत ओवून परत ठेवलं. फाटलेलं कार्ड दिसलं की हात दुरुस्तीलाच जातो, सवयच ती. कोणी ओढलं, कशासाठी ओढलं, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता.

आता तो आला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला. चौकशीत कोणी हे कार्ड हातात धरून विचारलं की सात महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाचं कार्ड इतकं जपून कोणासाठी दुरुस्त केलंत, तर काय सांगायचं?

त्यांना भांडार विभागाचे बंडूजी आठवले. कसल्याशा पावतीवरून विभागीय चौकशी लागली, ती सहा वर्षं चालली. बंडूजी निलंबित असताना रोज साडेदहाला डबा घेऊन यायचे आणि कार्यालयासमोरच्या कडुनिंबाखाली बसायचे. आधी लोक बोलायचे, मग नुसते हात करायचे, मग दुसऱ्या दाराने जाऊ लागले. अनुसयाबाईही दुसऱ्या दाराने जायच्या.

त्यांनी खण लावला. कार्ड काढून घ्यावं असं वाटलं, पण हात पुढे झाला नाही. काढलं आणि कोणी पाहिलं तर?

एक वाजून पाच मिनिटांनी इला भोयर आली. मृदाशास्त्रात तासिका तत्त्वावर शिकवणारी, एकोणतीस वर्षांची. हिंगणघाटहून रोज बसने ये-जा. उमाटे सरांकडे पीएच.डी.ला होती, सर गेल्यावर मार्गदर्शक बदलून मिळाला. ती नेहमीसारखी मान हलवून खांबाआड गेली. अनुसयाबाईंनी मनातल्या मनात मोजलं. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग खुर्ची पुन्हा सरकली. इला बाहेर आली ती सरळ काउंटरवर.

"झाडे मॅडम, हे काऊन बंद आहे?"

"बंद केलं त्यांनी. कोणीतरी खूप लेख काढले म्हणतात."

"कोण?"

"सोमवारपर्यंत नाव द्यायचं आहे," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, शिक्क्याची तारीख फिरवत राहिल्या.

इला निघून गेली. सात नंबरच्या टेबलावर तिचा डबा तसाच राहिला. तानबाने तो उचलून काउंटरवर आणून ठेवला. "पोरगी जेवली नाई वाटते," तो म्हणाला. "बिनकामाचा गोंधळ हो मॅडम. इतके दिवस कोणी पाहत नव्हतं तं चालू होतं. आता दहा साहेब येऊन गेले, आमचं संशोधन अडलं म्हणून."

ते खरं होतं. दुपारपर्यंत ज्यांनी ई-जर्नल कधी उघडलं नव्हतं, अशा प्राध्यापकांनी चौदा तक्रारी लिहून दिल्या होत्या.

शुक्रवारी तेलरांध्यांनी अनुसयाबाईंना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर फेब्रुवारीचा आलेख होता. महिन्याच्या वापराचे खांब अनुसयाबाई स्केचपेनने रंगवत. जानेवारीपर्यंत सगळे खांब बोटाएवढे, आणि फेब्रुवारीचा एकदम वीतभर. तो पाहून कुलसचिवांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं होतं. पत्र तेलरांध्यांच्या मागच्या भिंतीवर लावलेलं होतं.

"तुमाले तवाच विचारावंसं नाई वाटलं काय, का हा खांब इतका उंच कसा?"

"तुम्हीच म्हणाले होते ना सर, वापर दिसला पाहिजे."

"दिसला पाहिजे म्हणजे..." तेलरांधे थांबले. मग हळू बोलले, "हे पाहा मॅडम. प्रफुलनं नोंदी काढल्या. रोज एक पाच ते एक पन्नास. सात नंबर. मधल्या सुट्टीत कक्षाची चावी कोणाजवळ राह्यते?"

"तानबाजवळ."

"बस, मग."

"सर, तानबा सातवी शिकला आहे."

"कोण बसलं ते त्यानं पाह्यलं असन ना? नाई पाह्यलं तरी जबाबदारी त्याचीच. बाबारावसाहेबांची समिती सोमवारी अकराला बसून राह्यली. त्यांना एक नाव पाहिजे."

डॉ. बाबाराव खोडे हे अधिष्ठाता. त्यांचं कार्ड खणात 'ख'च्या खुणेमागे दुसरं होतं. त्यांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या नातवाचं नाव. अनुसयाबाई आठवड्यातून दोनदा त्यांच्या नावाने आत जात.

बाहेर दाराशी तानबा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"मॅडम, मी इंग्रजी वाचलं असतं तं अठरा वर्षं फरशी पुसली असती काय? माह्या नावानं काई लिहू नका बाप्पा. माह्यी पोरगी आहे लग्नाची. लोक म्हणतीन बाप चोर आहे."

"कोणी नाई लिहीत तानबा."

"तुमी नाई लिहीत. ते लिहितीन. पाह्यलं मी कोण बसते ते. पण तुमी काई म्हणत नव्हते, तं मले वाटलं तुमाले ठाऊक आहे."

तेवढ्यात एक विद्यार्थी पुस्तक घेऊन आला आणि अनुसयाबाईंनी त्यावर तारीख मारली. कालची पडली.

रविवारी सकाळी त्या इलाचा डबा पिशवीत घालून हिंगणघाटच्या बसमध्ये बसल्या. घरी सांगितलं, एकीची विचारपूस करून येते. वाटेत त्यांनी मनाशी घोकून ठेवलं: बाई, तुझं तू कबूल कर, मी कार्डाचं सांगते. वाक्य सोपं होतं, पण गाव जवळ येत गेलं तसं ते आवळत गेलं.

इलाचं घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. हंगाम संपत आला होता, तरी हवेत सरकीचा वास आणि खिडकीच्या जाळीवर कापसाचे तंतू. इलाच्या आईने चहा ठेवला. "तुमचं नाव रोजच घेते हो ही. झाडे मॅडम नसत्या तं माह्यं कसं झालं असतं, म्हणते."

अनुसयाबाईंनी कप खाली ठेवला.

आई आत गेल्यावर इलाने खोलीचं दार लोटलं. पलंगाखालून तिने बुटांचे तीन खोके ओढले. त्यात सीडी होत्या, कागदी पाकिटांत, प्रत्येकीवर खंड आणि वर्ष. ओळीने.

"सगळं आहे मॅडम. एकही विकलं नाई कोणाले, देवाची शपथ."

"पण इतके कायले गं? तुले पाहिजे होते तेवढे घ्यायचे."

"एकतीस मार्चले माह्यी ऑर्डर संपते. मंग फाटकावरचा चौकीदारही आत सोडत नाई. मागच्या वर्षी चार महिने बाहेर होती मी. आणि मी एकटीच आहे काय? देवळीचा एक आहे, सिंदीची एक आहे, आर्वीचे दोघं. सगळे तासिकावाले. कोणालेच आयडी नाई. आयडी फक्त कायमवाल्यांना, आणि ते तं..." ती थांबली. "ते काय करतात ते तुमालेच माहीत."

"कार्ड तूच ओढलं होतंस?"

"हो. सर दवाखान्यात होते तवा म्हणाले होते, खणात कार्ड आहे, पाहून घेजो. मले ते सळईचं माहीत नव्हतं. ओढलं तं फाटलं. त्या रात्री झोप नाई लागली मले. वाटलं, आता मॅडम पकडतीन." इला बोटांनी सीडीची कड दाबत होती. "आठ दिवसांनी पाह्यलं तं त्याच्यावर चकती लावलेली. नीट गोल. मी घरी येऊन आईले सांगितलं, का मॅडमनं आपल्यासाठी ठेवलं."

अनुसयाबाईंनी तोंड उघडलं. मी तुझ्यासाठी ठेवलं नव्हतं, असं म्हणायचं होतं. ते खरं होतं. पण मग कोणासाठी ठेवलं होतं? घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"शुक्रवारी थीसिस द्यायची आहे," इला म्हणाली. "नोंदणी रद्द करतीन का मॅडम?"

"नाव गेलं तं करतीन."

"तुम्ही काय लिहिणार?"

"मले माहीत नाई."

मी सांगते माझं नाव, असं इला म्हणाली नाही. तू सांग, असं अनुसयाबाई म्हणाल्या नाहीत. निघताना इलाने दारात त्यांच्या हातात एक फॉर्म दिला. थीसिसच्या आधी ग्रंथालयाचं काही देणं नाही असा दाखला लागतो, त्याचा. "तेवढी सही," ती म्हणाली. अनुसयाबाईंनी घडी करून फॉर्म पिशवीत टाकला. डबा द्यायचा राहिला, तो त्यांना बसमध्ये दिसला.

सोमवारी अकरा वाजता समिती बसली. मधल्या खुर्चीवर बाबाराव खोडे, एका बाजूला तेलरांधे, दुसऱ्या बाजूला कागद सांभाळत प्रफुल. तानबाला दाराबाहेर स्टुलावर बसवलं होतं. अनुसयाबाई आत गेल्या तेव्हा त्याने वर पाहिलं नाही.

त्या रात्रभर विचार करून एकच ठरवून आल्या होत्या: खणाचं सगळं सांगायचं. जे व्हायचं ते होऊ दे, निदान लपवलेलं काही उरणार नाही.

"साहेब, मला आधी एक सांगायचं आहे. पासवर्ड कोणालाही मिळण्यासारखे होते. बेचाळीस नंबरच्या खणात सगळ्या प्राध्यापकांची कार्डं आहेत. मीच लिहिली आहेत. अठ्ठ्याहत्तर."

प्रफुलने टेबलाकडे पाहिलं. बाबारावांनी पेनाचं टोपण लावलं.

"सगळ्यांची?"

"हो साहेब. तुमचंही."

"मॅडम," बाबाराव शांतपणे म्हणाले, "समितीसमोर विषय एका आयडीचा आहे. इतर कार्डांचं इथं काही काम नाही. प्रफुल, ते लिहू नको."

"पण साहेब, तिथूनच तर..."

"तुम्ही सत्तावीस वर्षं काढली. चौदा महिने राहिले. कायले विषय वाढवता?" त्यांनी एक कागद पुढे सरकवला. प्रकाशकाला पाठवायचा तक्ता होता. आयडी, कालावधी, लेखांची संख्या, सगळं टाइप केलेलं. एकच रकाना रिकामा, वापरणाऱ्याचं नाव. "हा रकाना पाचच्या आत भरला पाहिजे. तुम्हाला कोणी माहीत असेल तर सांगा. नसेल तर चावी ज्याच्याजवळ होती त्याचं नाव घालू. शिपाई आहे, त्याचं फार काही होणार नाही. समज देऊ, बदली करू."

"तो सातवी शिकला आहे साहेब. दोन हजार लेख..."

"मग कोण?"

दाराच्या फटीतून स्टुलावर बसलेल्या तानबाचा एक पाय दिसत होता. तो पाय हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. पिशवीत इलाचा फॉर्म होता आणि चार दिवसांचा शिळा डबा. अनुसयाबाईंना कडुनिंबाखालचे बंडूजी दिसले, मांडीवर डबा घेऊन बसलेले. आपण दुसऱ्या दाराने जात होतो तेव्हा ते आपल्याकडे पाहायचे का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

त्यांनी पेन घेतलं. सत्तावीस वर्षांत त्यांचं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं. रकान्यात त्यांनी लिहिलं: सौ. अनुसया म. झाडे, सहायक ग्रंथपाल.

तेलरांध्यांनी कागद उचलून वाचला, मग पुन्हा वाचला. "मॅडम, तुम्ही? कशासाठी?"

"ग्रंथालयात संग्रह असावा म्हणून," त्या म्हणाल्या.

बाबारावांनी काही विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण अगदी क्षणभर उमटून गेली. चार वाजून बावन्न मिनिटांनी प्रफुलने मेल पाठवली.

मंगळवार, १७ मार्च. अनुसयाबाई साडेदहाला आल्या. संगणकांवर पिवळी पट्टी होतीच. त्या सरळ कपाटाशी गेल्या. बेचाळीस नंबरच्या खणात एकही कार्ड नव्हतं. पितळी सळई तेवढी आडवी पडली होती.

"काल संध्याकाळी बाबारावसाहेबाचा माणूस येऊन घेऊन गेला," तानबा मागून म्हणाला. मग तो त्यांच्या पायाशी वाकला. त्यांनी त्याला वरच्या वर धरलं. "असं नको करू तानबा. लोक पाहतीन."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रकाशकाचं उत्तर आलं. उत्तर मिळालं, आभार, असं लिहून पुढे म्हटलं होतं: पडताळणीसाठी आमच्याकडची संपूर्ण नोंद जोडत आहोत. तारीख, वेळ, संगणक. वर दिलेली व्यक्ती या प्रत्येक वेळी ग्रंथालयात हजर होती, याची लेखी खात्री द्यावी. प्रफुलने ते छापून काउंटरवर आणून ठेवलं आणि तो तिथेच उभा राहिला. चोवीस दिवसांची यादी होती. अनुसयाबाई बोट फिरवत खाली आल्या. २५ फेब्रुवारी, ९१ लेख. २६ फेब्रुवारी, ८८ लेख.

बोट तिथेच थांबलं. त्या दोन दिवशी त्या देवळीला होत्या, पुतण्याच्या लग्नात. रजेचा अर्ज त्यांच्याच अक्षरात होता. छापल्यासारख्या.

अकरा वाजून वीस मिनिटांनी कार्यालयातून फोन आला. तानबाने घेतला.

"मॅडम, हजेरीचं मस्टर मांगून राह्यले. फेब्रुवारीचं."

अनुसयाबाईंनी कपाटातून मस्टर काढलं. उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं. त्यांच्या नावापुढे पंचवीस आणि सव्वीस या दोन चौकटींत लाल शाईने 'रजा' लिहिलेलं होतं. लिहिलं होतं तेलरांध्यांनी. त्यांनी मस्टर मिटलं आणि तानबाकडे दिलं.

काउंटरवर इलाचा फॉर्म घडी मोडून ठेवलेला होता. सहीची जागा अजून कोरीच. जमा करायची शेवटची तारीख शुक्रवार, २० मार्च.

एक वाजून पाच मिनिटांपर्यंत मस्टर परत आलं नव्हतं. सात नंबरची खुर्ची रिकामी होती.